मोरीतली दोरी

"हात लावू नकोस. काठीनं उचल."

आईनं धुण्याची काठी माझ्या हातात कोंबली. मोरीतल्या दोरीवर, परकराखाली, दीपालीवहिनीच्या दोन निकरा वाळत होत्या. वाळत होत्या म्हणजे नुसत्या लोंबत होत्या. आमच्या मोरीत ऊन कधी आलंच नाही.

"उचलून टाकू कुठं?" मी विचारलं.

"तिच्या गादीवर टाक, तिच्या पेटीत टाक. माझ्या कपड्यांशेजारी नको."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक. "आई, शरूताईंना कशाला कामाला लावताय? माझे कपडे आहेत, मी उचलते."

"कपडे उचल आणि पेटी पण उचल. तुझा रोग माझ्या घरात नको. रविवारी बापाला बोलावलंय मी तुझ्या."

वहिनीच्या हातातली कणीक तशीच राहिली. आईनं कधी फोन केला होता ते आम्हां दोघींनाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा नववीत होते. आता बारावीत आहे आणि पुष्कळ शहाणी झाले आहे, असं माझं मत आहे. नववीतही तेच मत होतं. नुकताच मला वक्तृत्वात पहिला नंबर मिळाला होता. विषय होता 'स्वच्छता'. ते भाषण मी घरात इतक्यांदा म्हटलं होतं, की पप्पा ड्युटी नसतानाही युनिफॉर्म चढवून बाहेर जायला लागले होते.

सांगलीच्या पोलीस लाईनीत आमच्या दोन खोल्या. पुढं सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि त्यात खांबाला खांब जोडून ताणलेल्या तारा. तारांवर खाकी पँटी, चादरी, साड्या, बनियनं सगळं राजरोस फडफडायचं. साहेबांच्या कुत्र्याचं गोधडंसुद्धा. फक्त बायकांच्या आतल्या कपड्यांना त्या तारेवर जागा नव्हती. ते मागं, मोरीतल्या दोरीवर, त्यावर परकर, परकरावर टॉवेल. लाईनीत प्रत्येक घरात हीच पद्धत. "बाप्या माणसांची ये-जा असते," आई म्हणायची. कपडे दोन दोन दिवस ओलसर राहायचे. मी कुरकुर केली की म्हणायची, "अंगावर वाळतात. आम्ही काय मेलो का?"

दादा चाकणला कंपनीत. महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचा, झोपायचा आणि जायचा. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि वहिनी आमच्याकडं राहत होती, कारण तिकडं त्याची खोली चौघांत होती. जतकडची मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं.

तिनं एकदाच चूक केली. आईला विश्वासात घेऊन सांगितलं, की अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, दोन महिने झाले.

आईनं काय केलं? सगळ्यात आधी तिला धारेवर धरलं. "मी दिलेलं औषध वापरतेस का नीट?"

औषध म्हणजे एक तपकिरी बाटली, जखमा धुवायचं जंतुनाशक. लग्न होऊन वहिनी घरात आली, त्याच आठवड्यात आईनं ती तिच्या हातात दिली होती. "आमच्या घरात बाई स्वच्छ असते. रोज तांब्यात टोपणभर घालायचं, आत-बाहेर सगळं धुवायचं. माझ्या सासूनं मला शिकवलं." आमच्या मोरीला कायम दवाखान्यासारखा वास यायचा. वहिनीनं वासाचं सांगितल्यावर आईनं टोपणाऐवजी अर्धी वाटी ओतायला सांगितली. सकाळी एकदा, रात्री एकदा.

आणि मग चार दिवसांनी शेजारच्या घोरपडेकाकूंना पण सांगितलं. घोरपडेकाकूंना सांगणं म्हणजे वायरलेसवर सांगणं. संध्याकाळपर्यंत नळावर बायका वहिनीच्या घागरीपासून आपल्या घागरी लांब ठेवायला लागल्या.

"नवरा चाकणला आणि हिला असला रोग," काकू एकदा मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या. "कुठनं येतंय गं हे?"

"नळातनं," मी म्हणाले. "तुमच्या पण येईल."

त्यावरून आईनं मला एक ठेवून दिली.

त्या दिवसांत आईचं डोकं सारखं तापलेलं असायचं. रात्री चारचारदा उठायची, तांब्या तांब्या पाणी प्यायची, मोरीत जायची. बांगड्या हातातून निसटायला लागल्या होत्या. "सुनेनं रक्त आटवलंय," असं त्याचं कारण. मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायची, त्याचंही कारण सूनच. "साखर सांडतेस! डबा मोरीत नेतेस की काय?" वहिनी म्हणायची, "मोरीत साखर कोण नेईल, आई?" आई खराटा घ्यायची आणि मुंग्या आणि वहिनी दोघांना एकदम झोडायची. एकीला खराट्यानं, दुसरीला तोंडानं.

तर गादीवर निकरा टाकायच्या त्या दिवशी वहिनीनं हात धुतले, पुसले, आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"रविवारी मी जाते. पण त्याआधी डॉक्टरकडं जाऊ. तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"डॉक्टरनी माझ्यात खोट काढली, तर अप्पांची वाट न बघता माझ्या पायांनी जाते जतला. खोट नाही निघाली, तर तुम्ही ज्या तोंडानं घोरपडेकाकूंना सांगितलं, त्याच तोंडानं जाऊन ते पण सांगायचं."

आईला पैज लावलेली आवडत नाही, पण हरायला तर त्याहून आवडत नाही. "चल," ती म्हणाली. "दूध का दूध होऊ दे."

"शरूताई पण येतील," वहिनी म्हणाली.

"तिचं काय काम तिथं? पोरगी आहे ती."

"साक्षीदार. घरी येऊन तुम्ही काय सांगाल, माझा भरवसा नाही."

मी तोवर चप्पल घातलेली होती.

डॉक्टर नायकवडी बाईंचा दवाखाना गावभागात. बाई बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि आवाज असा की आतल्या पेशंटचं दुखणं बाहेरच्या रिक्षावाल्यालाही कळावं. आत गेल्यावर त्यांनी आमच्याकडं ओळीनं बघितलं.

"तिघी? पेशंट कोण?"

"ही," आईनं बोट दाखवलं. चोर दाखवतात तसं.

"आणि ही शाळेची पोरगी?"

"साक्षीदार," मी म्हणाले.

"कोर्ट वाटलं का हे?" बाई खेकसल्या. मग वहिनीच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "बसू दे. कधी ना कधी हिच्याही कामाला येईल."

वहिनीनं सगळं सांगितलं. खाली मान घालून, पण काही न गाळता. बाई तिला पडद्यामागं घेऊन गेल्या. आई स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. ती सारखी चुळबुळ करत होती. मला वाटलं, जिंकायची घाई झालीय.

पडद्यामागून बाईंचा आवाज आला. "काय वापरतेस धुवायला?"

वहिनी काहीतरी हळू बोलली.

"काय? परत सांग."

वहिनीनं परत सांगितलं.

"आत? रोज?" पडदा सरकला. बाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "हे कुणी शिकवलं?"

माझी मान आपोआप आईकडं वळली, तिला मी काय करणार?

"मी," आई म्हणाली. "स्वच्छतेसाठी. आमच्या घरात पहिल्यापासून आहे."

"तुम्ही विरजण लावता का घरी?"

"न लावायला काय झालं?"

"त्या दुधात हे औषध अर्धी वाटी ओता. लागेल दही?"

"कसं लागेल? नासंल सगळं."

"मग सुनेचं काय केलंत?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "बाईच्या आत पण विरजणासारखे चांगले जंतू असतात. ते आपलं आपण स्वच्छ ठेवतात, वाईटाला वाढू देत नाहीत. तुम्ही रोज उठून त्यांनाच मारलंत. मग मोकळ्या रानात दुसरे वाढले. त्याचा हा वास. वास आला म्हणून तुम्ही आणखी ओतलं. होय ना?"

"होय," मी म्हणाले. "टोपणाची अर्धी वाटी केली."

"शरे!" आई.

"साक्षीदार आहे मी."

खरं तर मला तेव्हा फार जोर चढला होता. मी विचारलं, "मग बाई, दहीच लावलं तर?"

"शहाणे! दही ताटात घ्यायचं. आत काही म्हणजे काही घालायचं नाही. बाहेरून साधं पाणी, बास." बाई गोळ्या लिहायला लागल्या. "या गोळ्यांनी बरी होईल. बाटली संडासात ओता."

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "म्हणजे हिची काहीच चूक नाही? नवरा महिना महिना लांब, आणि हिला असलं होतंय..."

"असलं म्हणजे कसलं? मला आज सकाळपासून सहा आल्या. एक तर नळावरची तुमची मैत्रीण पण असेल. कुणाच्या नवऱ्याचा पत्ता विचारायची गरज पडली नाही मला. हा आजार आहे, चालचलणुकीचा दाखला नाही."

"मग मला कसं लागलं तिचं?" आई ओरडली.

बाहेरचा रिक्षावालासुद्धा ऐकत असावा.

वहिनीनं मान वर केली. इतके दिवस तिच्यावर ओरडणाऱ्या सासूकडं ती प्रथमच नीट बघत होती.

"काय लागलं?" बाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

आई खाली बसली. पदर तोंडाला लावला. "खाज. आग. मरणाची. दह्याच्या गोळ्यासारखं जातंय. चार महिने झाले. एका दोरीवर कपडे वाळतात, एकच मोरी. हिचंच लागलं, दुसरं काय असणार?"

"तिला दोन महिने. तुम्हाला चार. कुणाचं कुणाला लागलं मग?"

आई बोटांवर महिने मोजायला लागली.

"आणि ते दोन्ही वेगळे आजार आहेत. तिला वास आहे, खाज नाही. तुम्हाला खाज आहे, वास नाही. तुमची ही बुरशी. तिचं बोट धरून आलेली नाही." बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि आईला नीट न्याहाळलं. "रात्री उठता का?"

"चारदा," मी म्हणाले.

"तहान?"

"तांब्या तांब्या."

"वजन?"

वहिनी बोलली. "बांगड्या निसटतात. आणि बाई, आमच्या मोरीत मुंग्या लागतात. आई म्हणतात मी साखर सांडते."

बाईंनी ड्रॉवर उघडला, छोटं यंत्र काढलं आणि आईचं बोट धरून टोचलं. आईनं "आई गं" म्हटलं. यंत्र वाजलं. बाईंनी ते आमच्याकडं फिरवलं. तीनशेच्या वर आकडा होता.

"साखर तुमची सून सांडत नव्हती," बाई म्हणाल्या. "तुमच्या लघवीतनं जात होती, तिच्यावरच ही बुरशी वाढली. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या. आणि कपडे उन्हात वाळवा. ओले कपडे अंगावर चढवू नका, तिघींनीही. सांगलीत उन्हाची काय टंचाई आहे?"

परत येताना रिक्षात आई मधे बसली होती. मला आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि आईचं टोचलेलं बोट दुसऱ्या हातात धरलेलं दिसलं की त्या बसत होत्या.

स्टेशन चौकात आई म्हणाली, "आमच्या घराण्यात साखर कुणालाच नाही."

"कुणी बघितली होती?" वहिनी म्हणाली.

"तू जास्त बोलू नकोस. जिंकलीस म्हणून."

"अजून कुठं जिंकले? घोरपडेकाकू राहिल्यात."

आईनं तोंड फिरवलं.

मला वाटलं होतं, आता सिनेमात होतं तसं होईल. आई वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवेल, मी मधे शिरेन, तिघी रडू. कसलं काय! आईनं बाटली संडासात ओतली आणि रिकामी बाटली वहिनीच्या पुढ्यात आदळली. वहिनीनं ती उचलून कचऱ्यात आदळली. पप्पा बंदोबस्तावरून आले, घरातली हवा बघितली, "हे बायकांचं आहे," म्हणाले आणि परत बंदोबस्ताला गेले. बंदोबस्त संपलेला होता.

शुक्रवार गेला. काकूंना आईनं काही सांगितलं नाही. नळावर काकूंनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाली गं?" तर आई म्हणाली, "पित्त आहे." शनिवारी मी स्वयंपाकघरात आईला गाठलं.

"तू सांगणार आहेस की नाही?"

"आईशी असं बोलतात? काय सांगू? मला तिथं खाज सुटते म्हणून सांगू? लाईनीत तोंड दाखवायला जागा राहील?"

"वहिनीचं सांगितलंस तेव्हा तिला जागा राहिली का?"

आईनं लाटणं उगारलं. मी मागं सरले नाही. लाटणं हवेतच राहिलं, मग पोळीवर आलं. ती पोळी फार पातळ झाली.

त्याच रात्री वहिनीनं पेटी भरली. मी दाराशी उभी राहिले. "वहिनी, राहा ना. खोट नाही निघाली."

"खोट नाही निघाली हे तुम्हाला, मला आणि डॉक्टरला माहीत. नळाला कुठं माहीत आहे?" तिनं साडीची घडी दाबली. "जिथं घागर लांब ठेवतात तिथं मी पाणी नाही भरत, शरूताई. तुमच्या दादांना सांगा, खोली मिळाली की जतला न्यायला या."

रविवारी सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या आवाजानं.

"अगं बाई! हे काय करायलीस? काही लाज?" घोरपडेकाकूंचा आवाज.

मी धावत बाहेर आले. पुढच्या तारेवर, खाकी पँटी आणि चादरींच्या मधोमध, भर उन्हात, आमच्या घरातल्या तिघींच्या निकरा ओळीनं वाळत घातलेल्या. वर परकर नाही, टॉवेल नाही, रुमालसुद्धा नाही. माझी तर कार्टूनवाली होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि तारेखाली पाटावर आई बसलेली. मांडीवर धुण्याची काठी.

"झाकायचं तरी काहीतरी!" काकू म्हणाल्या. "येणारे-जाणारे बघतात."

"बघू देत. चोरीचा माल आहे का?"

आवाजानं दोन-चार दारं उघडली. वहिनी पेटी घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. तेवढ्यात फाटकातून तिचे अप्पा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पहाटेच्या गाडीनं आल्यामुळं डोळे तांबडे. लेकीला परत न्यायचं म्हणून आलेल्या बापाची मान असते तशी मान. समोर तार बघून ते जागच्या जागी उभे राहिले. कुठं बघावं ते त्यांना कळेना.

"पाहुणं, वाकून या," आई म्हणाली. "कपड्यांना डोकं लागंल."

अप्पा वाकून तारेखालून आले.

"सुनेला धाडतेस होय?" काकूंनी आवाज चढवला. "बरं करतेस बाई. असला रोग घरात..."

आई काठी टेकून उठली. मला वाटलं, आता काकूंच्या पाठीत बसतेय.

"रोग कुणाचा?" आई कडाडली. पार शेवटच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. "रोग माझा! मला साखर झालीय, तीनशेच्या वर! चार महिने खाजवून मरायलीय मी, बुरशी झालीय त्या साखरेनं! आणि पोरीला जे झालं ते मी दिलेल्या बाटलीनं झालं! माझ्या हातानं दिलेली! ऐकलं? की परत सांगू? तू पण वापरतीस ना गं ती बाटली? मीच शिकवलीय तुला! जा, ओतून ये आधी!"

घोरपडेकाकूंचं तोंड उघडं राहिलं. समोरच्या दारातल्या कांबळेकाकू हळूच आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या संडासात बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला.

आई धापा टाकत परत पाटावर बसली. कुणाकडंच बघत नव्हती. वहिनीकडं तर नाहीच.

अप्पा लेकीकडं बघत उभे. वहिनी पेटीची कडी धरून उभी. अंगणात फक्त तारेवरचे कपडे हलत होते.

मग वहिनीनं पेटी उंबऱ्याच्या आत ठेवली. पूर्ण आत नाही, उंबऱ्याला लागूनच.

"अप्पा, बसा," ती म्हणाली. "चहा टाकते."

आणि आईकडं पाठ करूनच विचारलं, "तुम्हाला?"

"टाक," आई म्हणाली. काठी तिनं मांडीवर आडवी घेतली. "बिनसाखरेचा."